जेठियाच्या कपाळाचं नाक

आमच्या गोंदियाकडे कोणाची पोरगी पळून गेली, कोणाचा पोरगा नापास झाला, की बायका लगेच म्हणतात, "नाक कापलं बाई!" पूर्वी मीही म्हणत होते. आता माझ्यासमोर कोणी असं बोललं की माझं डोकं फिरतं. अगं, नाक गेलेलं माणूस पाहिलंय का तुम्ही कधी? मी पाहिलंय. तिचं डोकं मांडीवर घेऊन मी चार तास जीपमध्ये बसले होते.

मी कुसुम तुरकर. बोईरपानीच्या उपकेंद्रात एकतीस वर्षं नर्स होते. नवरा डिंडोरीला लाकडाच्या डेपोत, म्हणून मी इकडे मैकलच्या डोंगरात आले ती इथलीच झाले. गाव बैगा आदिवासींचं. ते मला बाई म्हणतात आणि अगं-तुगंच करतात. कलेक्टर आला तर त्यालाही अरे-तुरेच करतात, त्यामुळे मी ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

जेठिया तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेल. घरी नवरा लमतू, म्हातारी सासू आणि तीन वर्षांची पोरगी फगनी. चैताचे दिवस होते. मोह गळायला लागला की इथे घरात कोणी थांबत नाही, उजाडायच्या आत टोपल्या घेऊन सगळे झाडाखाली. अस्वलालाही मोह आवडतो, हे इथल्या लेकराला ठाऊक असतं. म्हणून बायका डबा वाजवत, हाका मारत जातात. त्या दिवशी जेठिया चार पावलं पुढे गेली. झाडाच्या बुंध्याआड अस्वलीण होती, पाठीवर दोन पिल्लं. पळायला वेळच मिळाला नाही. अस्वल वाघासारखं मान धरत नाही, ते उभं राहतं आणि तोंडावर पंजा मारतं. लमतू कुऱ्हाड घेऊन धावला तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

खाटेवर घालून त्यांनी तिला माझ्याकडे आणलं. पदर बाजूला केला आणि मी, सतरा बाळंतपणं एका महिन्यात केलेली बाई, भिंतीला टेकले. नाक नव्हतं. डावा गाल उघडा पडला होता, वरचा जबडा सुटून हलत होता. कपाळाला दोन्हीकडून नखांनी फाडलं होतं. मधोमध तेवढी चार बोटांची पट्टी शाबूत होती आणि तिच्यावर तिचं गोंदण होतं, वर उघडणाऱ्या रेघा आणि टिंबं. रक्ताखाली ते तसंच्या तसं दिसत होतं. आणि ती बाई शुद्धीवर होती! एक डोळा माझ्याकडे लावून ती काहीतरी विचारत होती, पण ओठ हलत नव्हते.

रक्त घशात उतरू नये म्हणून तिला कुशीवर वळवून, जबडा हाताने पुढे ओढून धरून मी तिला डिंडोरीला नेलं आणि तिथून जबलपूरला. माझा अंगठा दोन दिवस वळत नव्हता. जबलपूरच्या मोठ्या दवाखान्यात तिला वाचवलं. जबड्याला पट्ट्या बसवल्या, गालाचं हाड तारेने जुळवलं, डोळा राखला. दोन महिन्यांनी घरी सोडताना डॉक्टर खंपरिया म्हणाले, "सिस्टर, जखमा पूर्ण भरून येऊ द्या. सहा महिन्यांनी घेऊन या. नाक करू."

नाक करू! जणू काय भाकरी करतात. 

घरी आली ती तोंडाला पदर गुंडाळून. नाकाच्या जागी नुसतं भोक, त्यातून श्वासाचा आवाज यायचा. फगनी अंगणात खेळत होती. दोन महिन्यांनी आई दिसली म्हणून जेठियाने हात पसरले आणि त्या भरात पदर सुटला. पोरगी किंचाळली, "अस्वल! अस्वल आईचं लुगडं नेसून आलं!" आणि जी पळाली ती आजीच्या पोटात तोंड खुपसून बसली. संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आठवड्यानेही नाही. शेवटी आजी तिला घेऊन शेजारच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, जेठियाच्या दिराच्या घरी राहायला गेली.

मी गोळ्या द्यायला गेले तर जेठिया भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"बाई, माझी पोरगी मला अस्वल म्हणते," ती म्हणाली. नाक नसलं की बोलणंही फाटकं येतं, पण मला एवढं नीट कळलं.

"डॉक्टर नाक करणार आहे ना. मग म्हणणार नाही."

"कशाचं करणार?"

मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सहा महिन्यांनी जबलपूरला गेलो तेव्हा कळलं, आणि तिथेच सगळी गोची झाली.

डॉक्टर खंपरिया म्हणाले, कपाळाच्या मधली कातडी एका बाजूने जोडलेली ठेवायची, सोडवून खाली वळवायची आणि तिचं नाक घडवायचं. आत बरगडीची कूर्चा घालून ते उभं करायचं. तीन आठवड्यांनी नवं नाक रुजलं की वरचा दांडा कापायचा. मी हसले. म्हटलं, "कपाळाचं नाक? थट्टा करता का गरिबाची?"

"अहो, ही विद्या जुनी आहे. दोनशे वर्षांपूर्वी तुमच्या पुण्यात एका विटा करणाऱ्यानं असंच नाक करून दिलं होतं. गोऱ्या साहेबांनी बघितलं आणि तोंडात बोटं घातली."

"पुणं माझं नाही डॉक्टरसाहेब, मी गोंदियाची," मी म्हटलं. पण थट्टा मी तिथेच सोडली.

जेठियाला समजावून सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने हळूच बोट कपाळावर नेलं. "इथलं?"

"इथलंच. बाकी कपाळाला व्रण आहेत ना, ती कातडी चालत नाही."

"नको," ती म्हणाली आणि उठली.

मला असा राग आला! चारशे रुपयांचं गाडीभाडं, लमतू तीन दिवस लिंबाखाली झोपलेला, मी रजा टाकून आलेली, आणि ही म्हणते नको. मी व्हरांड्यात तिला धरून झापलं. "भैताड झालीस का गं? त्या गोंदणापायी जन्मभर भोक घेऊन फिरशील?"

तिने मला शांतपणे सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. मेल्यावर तोडे इथेच राहतात, माळा इथेच, लुगडंही इथेच. गोंदण तेवढं सोबत येतं. वर आपली माणसं त्यावरून ओळखतात आणि आपल्यात घेतात. अंगावरची बाकीची गोंदणं पुढे होतात, पण कपाळाचं पहिलं. ते आठव्या वर्षी आईच्या मांडीवर डोकं ठेवून करून घ्यायचं असतं. "माझ्या मायने माझं डोकं धरलं होतं, बाई. मी रडले तर तीही रडली. ती आदल्या पावसाळ्यात गेली. ती वर कपाळच बघणार ना? कपाळावर काही नसलं तर म्हणेल, ही कोण आली?"

 एकतीस वर्षांत मी पुष्कळांच्या पुष्कळ समजुती हसण्यावारी नेल्या, ही मात्र नेता आली नाही. माझीही आई गेलेली होती.

आम्ही परत आलो. पुढचे पंधरा दिवस तिने जेवण जवळजवळ टाकलं. लमतू तिजियाला घेऊन आला. तिजिया म्हणजे बदनीन, गोंदणारी. या दहा गावांतल्या बायांची कातडी तिच्याच सुईखालून गेलेली. तोंडाळ बाई, विडी ओढत बोलायची. जेठियाने तिला विचारलं, "गोंदण जागेवरून हललं तर चालतं का?"

"हललं म्हणजे?"

"कपाळावरून नाकावर. आणि उलटं."

तिजियाने विडी विझवली. "माझ्या आजीनं गोंदलं, आईनं गोंदलं, मी गोंदते. पण हे कोणी विचारलं नाही. खोटं कशाला सांगू? वरचे लोक उलटं वाचतात की नाही, मला ठाऊक नाही."

 बाहेर अंगणात आजी फगनीला घेऊन आली होती, कोदोची पेज न्यायला. पोरगी दारापर्यंत आली आणि आईची सावली दिसताच मागे फिरली. जेठियाने ते बघितलं. मग म्हणाली, "माय मेलेली आहे. ती थांबेल. पोरगी वाढतेय, ती थांबणार नाही." आणि मला म्हणाली, "बाई, डॉक्टरला सांग, कातडी घे. पण गोंदणातलं काही फेकायचं नाही."

डॉक्टर खंपरियांना मी हे सांगितलं तेव्हा ते वैतागले. त्यांचा बेत वेगळाच होता, नाकावर काळ्या रेघा वाईट दिसतील, नंतर पुसून टाकू. मी म्हटलं, "पुसायचं नाव काढलंत तर ती टेबलावरून उठून जाईल आणि मीच तिला दार उघडून देईन."  मग टाक्याच्या पाकिटाचा चांदीचा कागद घेऊन त्यांनी नाकाचा नमुना कापला, तो जेठियाच्या कपाळावर ठेवला, फिरवला, परत ठेवला. अर्धा तास ते एवढंच करत होते. शेवटी म्हणाले, "सगळं बसतंय. ठीक. काही फेकणार नाही."

ऑपरेशननंतर जे दिसलं ते मी जन्मात विसरणार नाही. भुवयांच्या मधून कातडीचा एक दांडा निघालेला, खाली नाकावर आलेला. लमतूने बघितलं आणि म्हणाला, "बाप्पा! हत्ती केला हिचा." जेठियाला हसू आलं आणि टाके ओढले गेले, म्हणून ती त्याच्यावरच भडकली. कित्येक महिन्यांनंतर मी तिला भडकलेली बघत होते. मला फार बरं वाटलं.

आठवड्याने मी ड्रेसिंग करायला बसले. तिचे डोळे मिटलेले होते. मी कापसाने नव्या नाकाच्या शेंड्याला अगदी हलकंसं पुसलं.

"कपाळ नको ना पुसू, बाई," ती म्हणाली.

"मी कुठे कपाळ पुसतेय?"

"आत्ता पुसलंस की. इथे, वर." तिने बोट कपाळाच्या मधोमध नेलं. तिथे तर टाक्यांची पट्टी होती, मी हातही लावला नव्हता.

मी परत नाकाला हात लावला. ती म्हणाली, कपाळ. नाकपुडीला लावला. ती म्हणाली, कपाळाचा वरचा काठ.  मी डॉक्टरांना बोलवून आणलं. ते हसले, म्हणाले, "बरोबर आहे. दांडा जोडलेला आहे, शिरा त्याच आहेत. त्या कातडीला अजून ठाऊकच नाही की ती हलली." त्यांच्यासाठी ते रोजचं होतं. मी मात्र हात जोडले. कोणाला जोडले, तुम्ही विचारू नका. डॉक्टरला की त्या कातडीला, मलाच ठाऊक नाही.

आणि जेठिया? तिने डोळे उघडले आणि तिचा सगळा चेहरा, जेवढा होता तेवढा, उजळला. "बाई, कपाळ गेलं नाही. खाली आलंय नुसतं. मायला सांगता येईल." त्या तीन आठवड्यांत माशी नाकावर बसली तर ती कपाळावरून हाकलायची. वॉर्डातल्या बाया हसायच्या, तीही हसायची. तिच्याइतकी सुखी पेशंट मी त्या वॉर्डात बघितली नाही.

मग दांडा कापला. तो कापायचाच असतो. डॉक्टरने नाकाला हात लावून विचारलं, "काय वाटतं?" ती म्हणाली, "काही नाही." कपाळ नाही, नाक नाही, काहीच नाही. घरी येईपर्यंत ती कपाळावरच्या व्रणावर बोट ठेवून बसली होती.

फगनीचं मात्र सांगायलाच हवं. आजी तिला घेऊन परत आली, पण पोरगी आईजवळ जाईना. कणगीच्या मागून बघायची. जेठियाने एकदाही हाक मारली नाही. रोज अंगणात बसून चारोळ्या फोडायची आणि मूठभर दाणे बाजूच्या पानावर ठेवायची. पहिले दिवस दाणे चिमण्यांनी खाल्ले. मग पान कणगीच्या बाजूला सरकवलेलं दिसायला लागलं. अकराव्या दिवशी मी तिथेच होते. पोरगी येऊन समोर बसली, पण हाताच्या अंतराच्या बाहेर. बघत राहिली. मग विचारलं, "हे नाक कोणाचं?"

"माझ्या कपाळाचं."

"कपाळ रडलं नाही?"

"रडलं थोडं."

पोरीने दाणे उचलले, आणखी थोडा वेळ विचार केला आणि पुढे सरकून आईच्या मांडीवर बसली. एवढंच झालं. जेठियाने तिला मिठी मारली नाही, चारोळ्या फोडत राहिली, कारण हात थांबवले तर पोरगी उठेल अशी तिला भीती होती. मी मात्र उपकेंद्रापर्यंत रडत गेले. रस्त्यात सरपंच भेटला, म्हणाला, "काय झालं बाई, कोण मेलं?" मी म्हटलं, "कोणी नाही मेलं रे, तू तुझ्या वाटेने जा."

पुढे अजून दोन ऑपरेशनं झाली, गालाचं एक आणि पापणीचं एक. लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं, संपलं. संपत नाही हो! डाव्या डोळ्यातून अजून पाणी गळतं. थंडीत जबड्यातल्या पट्ट्या ठणकतात, म्हणून पुसाच्या महिन्यात ती चुलीपासून हलत नाही. वास उजव्या बाजूने येतो, डावीकडून नाही. कपाळाच्या वरच्या काठाची कातडी नाकाच्या शेंड्याला आली, तिच्यासोबत केसांची मुळंही आली. तेव्हा नाकावर केस उगवतात आणि ती दर बाजाराच्या आदल्या दिवशी ते उपटते. लमतू म्हणतो, "लोकांच्या बायका भुवया कोरतात, माझी नाक कोरते." त्याच्या थट्टेला अंत नाही. एकाच लग्नात दोन बायका मिळाल्या असं तो गावभर सांगत सुटतो. पण बाजारात कोणी परकं तिच्याकडे टक लावून बघायला लागलं की हाच लमतू मध्ये येऊन उभा राहतो आणि विचारतो, "काय हरवलं का तुझं?"

दोन वर्षांनी एकदा ती धावत उपकेंद्रात आली. मला वाटलं कोणाला साप चावला. ती म्हणाली, "बाई, हात लाव." मी नाकाला हात लावला. "लागला! मला लागला!"

"अगं वा! कुठे लागला?"

ती थांबली. चेहरा उतरला. "नाकाला," ती म्हणाली. "नाकालाच लागला."

मी म्हटलं, नाकाला लावल्यावर नाकालाच लागणार ना! पण मला कळायला वेळ लागला. आजूबाजूच्या गालाच्या शिरा त्या कातडीत शिरल्या होत्या. डॉक्टरच्या लेखी हे मोठं यश. तिच्या लेखी शेवटची खूण गेली. ती कातडी कपाळ असल्याचं विसरली होती.

त्यानंतर तिने गोंदणाचा विषय काढला नाही, आणि दुसऱ्याने काढला तर ती कामाला उठून जायची. फगनी आठ वर्षांची झाली तेव्हा तिजिया सुया घेऊन आली, पण पोरगी आश्रमशाळेत शिकत होती. म्हणाली, "कपाळावर नको. शाळेत हसतात." आताच्या पुष्कळ पोरी हेच म्हणतात. जेठियाने जबरदस्ती केली नाही. तिजिया पुटपुटत निघून गेली. मला मनात वाटलं, झालं, आता हिला वर ओळखणारी आई नाही आणि हिने ओळखावी अशी लेकही नाही. मी हे बोलून दाखवलं नाही, पण वाटलं.

डॉक्टर खंपरिया निवृत्त व्हायच्या आधी त्यांनी जुने पेशंट बोलावले होते. वीस वर्षांनंतर काय उरलं, काय बिघडलं, हे त्यांना लिहायचं होतं. मी जेठियाला घेऊन गेले. एक तरुण डॉक्टरीण कागद घेऊन विचारत होती. श्वास? चांगला. खाणं? सगळं खाते. "नाकावर दहापैकी किती समाधानी आहात?"

"म्हणजे काय?" जेठियाने मला विचारलं.

"दहापैकी किती चांगलं झालं, ते सांग."

"नाक दहाच्या दहा," ती म्हणाली. डॉक्टरिणीने लिहून घेतलं आणि पान उलटलं. जेठिया तिच्या हाताकडे बघत राहिली, अजून काही विचारेल म्हणून. पण कागदावर पुढचा प्रश्न झोपेचा होता.

म्हातारे डॉक्टर स्वतः आले, चष्मा वर करून त्या नाकाकडे बघत राहिले. सुरकुत्यासुद्धा बरोबर पडल्या होत्या. वयाबरोबर तेही वाढलं होतं. ते म्हणाले, "सिस्टर, मी केलं ते यातलं निम्मंही नाही. बाकीचं हिनंच केलं." मला त्या माणसाचा आजवर जेवढा राग आला होता तेवढा त्या दिवशी गेला.

आणि मग मागच्या माघात झालं ते.

फगनी आता पंचवीस वर्षांची, सासरी दोन डोंगर पलीकडे असते. तिला स्वतःची पोरगी आहे. मी जेठियाच्या अंगणात उन्हाला बसले होते. निवृत्त बाईला दुसरं काम काय? तर फगनी आली, आणि तिच्यामागून काठी टेकत तिजिया. म्हातारी झालीय, पण सुई धरली की हात अजून हलत नाही. सोबत सुयांचा जुडगा आणि काळ्या रंगाची वाटी.

"आई, बस," फगनी म्हणाली. "माझं डोकं धर. कपाळाचं गोंदून घेते."

जेठिया तोंड उघडं टाकून बघायला लागली. "आता? एवढी मोठी होऊन?"

"आताच. आणि आजी," ती तिजियाला म्हणाली, "उलटं गोंद. आईच्या नाकावर आहे तसं."

"हात मोडो माझा!" तिजिया ओरडली. "उलटं कोणी गोंदतं का? नीट करते. वर उघडणारं."

"मला खाली उघडणारंच हवं."

"ते डॉक्टरनं केलंय, पोरी. आम्ही नाही."

"कोणी का करेना," फगनी म्हणाली.  "माझी आई वर जाईल तेव्हा तिची माय, माझी आजीआई, म्हणेल, ही कोण उलट्या गोंदणाची? मग मी जाईन. माझंही उलटं. माझ्या पोरीचंही उलटं करून घेईन. एकीचं असलं तर चूक वाटेल, तिघींचं बघितलं तर तिला कळेल ना, हे आपल्याच घरचं आहे म्हणून? मी लहानपणी हिला अस्वल म्हटलं होतं. मला आठवतं. सगळ्यांना वाटतं आठवत नाही, मला आठवतं."

जेठियाने मांडी घातली आणि लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. डाव्या डोळ्याचं पाणी नेहमी गळतंच, आता उजव्याचंही गळायला लागलं. तिजिया कुरकुरत खाली बसली आणि नमुना बघायला जेठियाच्या नाकाजवळ डोळे नेले. बोटाने मोजलं. परत मोजलं.

"मी नऊ टिंबं दिली होती," ती म्हणाली. "सातच आहेत."

जेठियाने मान खाली घातली. "दोन गेली. पहिल्यांदा आरसा बघितला त्याच दिवशी मोजली मी." बावीस वर्षं तिने हे लमतूला सांगितलं नव्हतं, मलाही नाही. डॉक्टरने शब्द दिला होता आणि तो मोडला, एवढंच तिने मनाशी धरलं होतं, आणि तरी त्याला दहापैकी दहा देऊन आली होती.

"वरच्या काठाची होती का गं ती?" मी विचारलं.

"शेवटची दोन. केसांजवळची."

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं आणि मी स्वतःच्या तोंडात मारून घ्यायची बाकी राहिले. कातडीचा वरचा काठ डॉक्टरने आत दुमडला होता, नाकपुडीला आतून अस्तर हवं म्हणून. मी महिनोन्‌महिने त्या नाकपुड्या साफ केल्या. आत काळं काहीतरी दिसायचं. मी ते टाक्याचं उरलेलं समजले आणि कापसाने घासून घासून काढायचा प्रयत्न केला! निघालं नाही, तेव्हा डॉक्टरांना मनातल्या मनात शिव्या घालून सोडून दिलं.

"फगनी, ऊठ," मी म्हटलं. "मोबाइलची बत्ती लाव. आईच्या नाकपुडीत बघ."

जेठियाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नाकाच्या आत तिने दवाखान्याबाहेर कोणाला बघू दिलं नव्हतं, लमतूलाही नाही. फगनीने तिचे हात धरून बाजूला केले. आईची हनुवटी वर उचलली, आपला गाल तिच्या गालाला टेकवला आणि बत्ती धरून आत बघितलं. एक नाकपुडी, मग दुसरी. 

"आहेत," फगनी म्हणाली. "आई, दोन्ही आहेत."